तळटिपेतली लेखिका

अमेरिकन साहित्याचा इतिहास म्हटलं की व्हिटमन, मार्क ट्वेन, हेमिंग्वे, फॉकनर ही नावं पटापट आठवतात. बायकांपैकी एमिली डिकिन्सन, फार तर ‘अंकल टॉम्स केबिन’वाली हॅरिएट बीचर स्टोव. या यादीतून माणूस गळतं कसं, हे समजून घ्यायचं तर झोरा नील हर्स्टनची हकिगत ऐकावी.

झोरा जन्मली १८९१मध्ये अलाबामात, वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये. हे गाव काळ्या लोकांनीच वसवलेलं आणि चालवलेलं. तिचे वडील तिथले नगराध्यक्ष होते. दुकानाच्या ओट्यावर गावकरी थापा आणि गोष्टी रंगवत, त्या ऐकत ती मोठी झाली. आई गेली आणि शिक्षण तुटलं. सव्विसाव्या वर्षी शाळेत फुकट प्रवेश मिळावा म्हणून तिनं वय दहा वर्षांनी कमी सांगितलं! १९२८मध्ये ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजची पहिली काळी पदवीधर झाली. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस तिचे गुरू. त्यांच्या सांगण्यावरून ती पुन्हा दक्षिणेत गेली आणि लोककथा गोळा करत हिंडली.

१९३७मध्ये तिची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी आली. हैतीत असताना अवघ्या सात आठवड्यांत लिहिलेली. जेनी नावाची काळी स्त्री तीन लग्नांनंतर एकटी गावी परतते आणि मैत्रिणीला आपली कहाणी सांगते, एवढंच कथानक. पण ही माणसं बोलतात ती ओट्यावरची बोली. रिचर्ड राइटसारख्या काळ्या लेखकानंच तिच्यावर कोरडे ओढले. या पुस्तकात विचार नाही, गोऱ्यांना हसवण्यासाठी आपल्या माणसांची सोंगं उभी केली आहेत, असा त्याचा आक्षेप होता. राइटला अन्यायाविरुद्धचा आवाज हवा होता, ते समजण्यासारखं आहे. पण एका बाईनं आपल्या सुखाचा शोध घेणं हाही विचार असू शकतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

झोराही वाकणारी नव्हती. १९५४मध्ये शाळांमधला वर्णभेद रद्द करणारा निकाल लागला, तेव्हा तिनं त्यावरही टीका केली. काळ्या मुलांना शिकण्यासाठी गोऱ्यांच्या शेजारी बसायलाच हवं, ही कल्पना तिला अपमानाची वाटली. मित्र दुरावले. पुस्तकं बाजारातून गेली. कोणत्याही एका पुस्तकाचं तिला मिळालेलं सर्वांत जास्त मानधन ९४३ डॉलर ७५ सेंट. १९५०मध्ये ती मायामीजवळ एका घरी मोलकरीण म्हणून काम करत होती, आणि त्याच सुमारास एका मोठ्या साप्ताहिकात तिची कथा छापून आली होती.

२८ जानेवारी १९६० रोजी फोर्ट पिअर्सच्या निराधारगृहात ती वारली. लोकांनी वर्गणी काढून दफन केलं. दगडाला पैसे उरले नाहीत. घर रिकामं करताना तिचे कागद जाळायला काढले होते. ओळखीचा एक पोलीस नेमका तिथून चालला होता, त्यानं पाणी मारून आग विझवली. कडा जळालेले ते कागद आज फ्लोरिडा विद्यापीठात आहेत.

पुढं १९७०च्या सुमारास ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका एका कथेसाठी जादूटोण्यावरची पुस्तकं चाळत होती. गोऱ्या अभ्यासकांच्या त्या पुस्तकांत तिला झोरा भेटली ती तळटिपेत. १९७३मध्ये ती फोर्ट पिअर्सला गेली. लोकांनी बोलावं म्हणून झोराची भाची असल्याचं सांगितलं. कंबरभर गवतात, सापांच्या भीतीनं, झोराला मोठ्यानं हाका मारत कबर शोधली. एका खचलेल्या जागी पाय गेला, तीच तिनं कबर मानली. मनात भरलेला काळा दगड परवडला नाही, म्हणून साधा बसवला. त्यावर जन्मसाल कोरलं १९०१, म्हणजे झोरानं शाळेत सांगितलेलं! १९७५मध्ये वॉकरचा लेख आला, १९७८मध्ये कादंबरी पुन्हा छापली गेली, आणि बघता बघता ती अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये शिकवली जाऊ लागली.

झोराचं आणखी एक हस्तलिखित पडून होतं. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या कुजो लुइस या वृद्धाची कहाणी तिनं त्याच्याच तोंडच्या बोलीत १९३१मध्ये लिहून काढली होती. प्रकाशकाला ती शुद्ध इंग्रजीत हवी होती. झोरानं नकार दिला. ‘बॅराकून’ नावानं ते पुस्तक २०१८मध्ये निघालं, कुजोच्या बोलीतच.