परमिट

सोलापूरच्या पूर्वभागात लाईट गेली की आधी माग थांबायचे आणि मग आमचे अण्णा जागे व्हायचे. खटखटाटात गाढ झोपणारा माणूस, शांतता झाली की उठून बसायचा, असं आजी सांगायची. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, ‘बोर्डात’ लाईनमन होते. सायकलला दोरी, पिशवीत पक्कड आणि टेस्टर.

त्यांच्या गोष्टींत भुतं नसायची, परमिट असायचं. “खांब दिसतो बे, करंट दिसत नाही,” ते म्हणायचे. उपकेंद्रातला ऑपरेटर फीडर बंद करून परमिट देणार, मग लाईनला अर्थिंग, मगच तारेला हात. काम संपवून परमिट परत केल्याशिवाय लाईन चालू करायची नाही, दारात मंत्री उभा असला तरी!

बोर्ड म्हणजे 20 जून 1960 ला स्थापन झालेलं राज्य वीज मंडळ. परळीच्या वीज केंद्राचा बॉयलर आणि आमच्या गल्लीतला फ्यूज एकाच घरातले. 2003 चा वीज कायदा आला आणि 6 जून 2005 ला घराच्या वाटण्या झाल्या: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर सूत्रधारी कंपनी. “भाऊ वेगळे निघाले, चूल कुणाकडं?” निवृत्त अण्णांनी विचारलं होतं.

उत्तर महावितरणमध्ये नोकरीत असलेल्या काकांना रोज मिळायचं. 33 केव्हीची लाईन महावितरणची, पण ती निघते महापारेषणच्या उपकेंद्रातून. पूर्वी घरातल्या घरात मिळणारं परमिट आता शेजारच्या कंपनीकडून घ्यायचं. गळती कुठं, थकबाकी किती, हे फीडरनिहाय मोजलं जाऊ लागलं. ते गरजेचंच होतं. पण त्या मोजमापाचं ओझं खांबावर चढणाऱ्याच्या खांद्यावर आलं. सकाळी ज्याचं कनेक्शन तोडायचं, रात्री त्याच्याच गल्लीत फ्यूज टाकायला जायचं. कंपनीनं लाईनमनला ‘जनमित्र’ हे नाव दिलं. त्याच्या शेजारी कंत्राटी पोरं चढू लागली.

4 जानेवारी 2023 ला खाजगी कंपनीच्या समांतर वीज वितरण परवान्याविरुद्ध राज्यभर वीज कर्मचारी संपावर गेले. संप त्याच दिवशी मिटला. सोलापुरात आम्ही मात्र मोबाईल चार्ज करून, टाक्या भरून बसलो होतो. एरवी न दिसणारी माणसं त्या दिवशी सगळ्यांना आठवली.

मंडळ गेलं, कंपन्या आल्या, उद्या आणखी कुणी येईल. परमिट मात्र आजही कंपनीच्या नव्हे, लाईनवर जाणाऱ्या एका माणसाच्या नावानं निघतं.