पक्षपात कोणत्या दाराने येतो?

पक्षपाती न्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाचखाऊ न्यायाधीश किंवा जुलमी कायदा उभा राहतो. परंतु पक्षपात बहुधा इतक्या उघडपणे येत नाही. जामीन द्यावा की नाही, ज्यूरीत कोण बसावे, अशा रोजच्या कामकाजातून तो आत शिरतो. लोकमान्य टिळकांचे राजद्रोहाचे दोन खटले शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे हे आम्हांस स्पष्ट दिसते.

१८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उच्च न्यायालयात उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर. न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी, आरोपी खटल्यास हजर राहील ना, हा मुख्य प्रश्न धरला आणि जामीन दिला. पुढे ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरविले, ही गोष्ट वेगळी.

१९०८ साली तेच दावर न्यायासनावर होते. या वेळी अर्ज मांडला बॅरिस्टर जिना यांनी. दावरांनी तो फेटाळला. कारणे न सांगणेच शहाणपणाचे, असे म्हणून कारणेही दिली नाहीत. पुढे खास ज्यूरी नेमली गेली. तीत सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला 'केसरी'तील मराठी लेखांवर, आणि निवाडा मात्र इंग्रजी भाषांतरावरून! एकेका शब्दाचा अर्थ पटवून देण्यात टिळकांच्या भाषणाचा बराच वेळ गेला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

यात कायदा कोठे मोडला? जामीन नाकारण्याचा अधिकार होता, खास ज्यूरीचीही तरतूद होती. कायदा जागच्या जागी राहिला आणि न्याय निसटला.

पुढे दावरांना 'सर' ही पदवी मिळाली, तेव्हा वकीलवर्गाने त्यांना मेजवानी देण्याचे ठरविले. त्या पत्रकावर जिनांनी कडक निषेध लिहिला, असे न्या. छागला यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. दावर त्यांना कोर्टात नेहमी चांगले वागवीत. तरी त्या उपकाराखातर ते गप्प राहिले नाहीत.

आज ज्यूरी गेली, परकी सरकारही गेले. परंतु अनोळखी, गरीब आरोपीचा जामिनाचा अर्ज रोज कोठे ना कोठे पुढे येतोच. तेथे 'कारण काय?' असे नम्रपणे पण ठामपणे विचारणारा वकील आणि ते लेखी देणारा न्यायाधीश, एवढी दोन माणसे असली तर पक्षपाताला ते दार सहजासहजी उघडत नाही.