इंजिनाला जामीनदार

बी.कॉम.ला आम्हाला घसारा दोन पद्धतींनी शिकवला. एका पद्धतीत यंत्राची किंमत दरवर्षी सारख्याच रकमेने उतरते. दुसरीत ती उरलेल्या किमतीच्या टक्क्यांनी उतरते, आणि गंमत अशी की कितीही वर्षं घसारा काढत बसा, पुस्तकात ती शून्य कधी होतच नाही. या दोन्ही पद्धती ज्यांनी शोधल्या, त्या गृहस्थांनी जुनी मोटार घेऊन इमामपूरचा घाट चढलेला नसावा. इंजिन असं हप्त्याहप्त्याने मरत नाही. सव्वातीनला ते ठणठणीत असतं आणि तीन वाजून सतरा मिनिटांनी भंगार असतं.

आमच्या शाखेतल्या हेड कॅशियरसाहेबांना हा धडा मिळाला. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, मुलगी नांदायला गेलेली. दुसऱ्याची मुदतठेव मुदतीआधी मोडताना ज्यांचा हात थरथरतो, अशा या माणसाने एके दिवशी स्वतःची ठेव मोडली आणि लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, छप्पर मागे दुमडणारी जुनी स्पोर्ट्‌स कार दारात आणून उभी केली. कंपनीचं नाव सांगत नाही. वहिनी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या, तेव्हा न बोललेल्याच बऱ्या होत्या असं साहेबांना वाटलं.

तर ही गाडी घाटात वाफ सोडून थांबली. उसाच्या ट्रॅक्टरने टोचन करून ती नगरला आणली. मेकॅनिकने झाकण उघडलं, बोट बुडवून ऑइल पाहिलं. ते दुधाच्या चहासारखं झालं होतं. "हेड गॅसकेट उडालं, पाणी ऑइलमध्ये गेलं, दोन नंबरचा पिस्टन धरला," तो म्हणाला. पिस्टन धरला म्हणजे ऑइल पातळ झालं, धातू तापून फुगला आणि ज्या नळकांड्यात मिनिटाला हजारो वेळा वरखाली करायचं, त्याच्याच भिंतीला पिस्टन चिकटून बसला. यावर त्याने तोडगाही सांगितला. "साहेब, व्हॅनचं इंजिन बसवून देतो. दोन दिवसांत गाडी दारात."

साहेब दोन दिवस जेवले नाहीत. पैशाचं दुःख होतंच. पण व्हॅनचं इंजिन घातल्यावर ती आपली गाडी राहील का, हा प्रश्न त्यांना जास्त छळत होता. मला तो तात्त्विक वगैरे वाटला नाही. नगरात राहणाऱ्या माणसाला अशा प्रश्नाचं उत्तर रिक्षाच्या भाड्यात मिळतं. (गाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण स्टँडवरचे कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतात.) चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आमच्याकडे, लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी व्हीआरडीई आमच्याकडे आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं म्युझियमही आमच्याकडे. मी साहेबांना एका रविवारी तिथे घेऊन गेलो.

तिथे रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे. मूळ गाडी सिल्व्हर घोस्ट, म्हणजे राजेमहाराजांची. १९०७ साली या गाडीची पंधरा हजार मैलांची परीक्षा झाली. ६२९ मैलांवर ती थांबली, कारण हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली. तोटी उघडली आणि त्यापुढे १४,३७१ मैल ती स्वतःच्या चुकीने एकदाही थांबली नाही. अशा खातेदाराला आम्ही जामीन मागत नाही, उलट चहा विचारतो. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर याच सांगाड्यावर पोलादी पत्रे ठोकून तिला लढायला पाठवलं. वजन कितीतरी वाढलं, तरी ती वाळवंटात धावली. बनवणाऱ्याने ताकद राखून ठेवली होती, हे तिचं रहस्य.

सगळ्यांनाच हे परवडत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रणगाडे हवे होते आणि चांगली इंजिनं विमानांना लागत होती. तेव्हा क्रायस्लर कंपनीने मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं फुलाच्या पाकळ्यांसारखी एकत्र जोडली. एकूण तीस सिलिंडर! ते धूड मावावं म्हणून शर्मन रणगाड्याची लांबीच वाढवावी लागली. मेकॅनिक लोकांनी कपाळावर हात मारला असणार. पण एखादं इंजिन बंद पडलं तरी उरलेली रणगाडा ओढत नेत. कर्जाला पाच जामीनदार असावेत, एक परागंदा झाला तरी वसुली चालू राहावी, तसला हिशेब. अमेरिकेने असले बहुतेक रणगाडे दोस्तांना देऊन टाकले, हेही जामीनदारकीच्या रीतीला धरूनच झालं.

उलट उदाहरण लेलँडचं. १९६१ साली या कंपनीने स्टँडर्ड-ट्रायम्फ विकत घेतली. आपल्याकडे मद्रासला ज्यांची स्टँडर्ड हेरल्ड तयार होई, ते हे घराणं. त्याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून १९६२ साली स्पिटफायर नावाची सुबक स्पोर्ट्‌स कार निघाली. लेलँडनेच त्या सुमारास एल-६० नावाचं रणगाड्याचं इंजिनही केलं. पेट्रोल, डिझेल, मिळेल ते पिईल असं ते असावं अशी अट होती. सहा सिलिंडर आणि त्यांत समोरासमोर तोंड करून बारा पिस्टन. म्हणजे एका काउंटरला दोन कारकून बसवले आणि दोघांनाही एकच गिऱ्हाईक दिलं. त्यातून पाणी गळे, लायनर फुटत. ज्या ब्रिटिश रणगाड्यात ते बसवलं त्या चीफ्टनबद्दल म्हणत, की जगात याच्यासारखा रणगाडा नाही, फक्त तो योग्य जागी बंद पडला पाहिजे. हेच इंजिन कमी ताकदीवर आपल्या विजयंतात आलं. पहिला विजयंता आवडीच्या कारखान्यातून १९६५ साली बाहेर पडला.

साहेब हे ऐकत सेंच्युरियन रणगाड्यासमोर उभे होते. मी म्हटलं, याचं इंजिन मुळात विमानाचं. स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनावरून मीटिअर केलं आणि सुरुवातीला तर विमानाला नालायक ठरलेले मर्लिनचे भाग त्यात वापरले. पुढे इस्रायलने हे पेट्रोल इंजिनही काढलं आणि त्या जागी अमेरिकन डिझेल बसवून १९७० पासून रणगाडे वापरले. म्हणून तो सेंच्युरियन राहिला नाही का? साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना आरटीओ नव्हता."

हे मात्र खरं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की गाडीत असा बदल करायचा तर आधी परवानगी घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या जुळवलेला माणूस नोंदणी पुस्तकातल्या इंजिन नंबरशी खेळेल कसा? शेवटी त्यांनी मूळचंच इंजिन वाचवायचं ठरवलं. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ब्लॉक बोअर करून नवे स्लीव्ह घातले, हेड घासून सपाट केलं. पिस्टन मिळेपर्यंत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत वहिनी रोज संध्याकाळी "आज काही कळलं का?" असं विचारू लागल्या होत्या. का, ते साहेबांना विचारायचं धैर्य झालं नाही.

नगरच्या लूनाबद्दल सांगायचं राहिलंच. १९७२ साली कायनेटिकने ती बाजारात आणली. दौंड रस्त्यावर त्यांचा कारखाना. पन्नास सीसीचं इंजिन आणि खाली चक्क सायकलची पायडलं. जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी इंजिन बंद पडू नये म्हणून डोकं चालवलं. लूनाने ते बंद पडणार हे धरूनच चाललं. माझे वडील पेट्रोल संपल्यावर शेवटचे दोन मैल पायडल मारत घरी येत आणि आईला म्हणत, "आज गाडीने चांगलं ॲव्हरेज दिलं." बुडीत कर्जाची तरतूद इतक्या थोड्या खर्चात केलेली मी नोकरीत कुठेही पाहिली नाही. २०२४ साली लूना परत आली ती विजेवर. तिला इंजिनच नाही, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

साहेबांची लाल गाडी आता घाट चढते. डिकीत पाण्याचा दहा लिटरचा कॅन, जादा पंख्याचा पट्टा, ऑइलचा डबा आणि टोचनसाठी जाड दोर असतो. तापमानाचा काटा जरा वर सरकला की साहेब गाडी बाजूला घेतात, झाकण उघडून अर्धा तास कठड्यावर बसतात. मागच्या रविवारी दोघं देवगडला निघाली, तेव्हा मी डिकीतला तो सगळा संसार पाहून म्हटलं, तयारी जंगी आहे.

वहिनी छप्पर मागे टाकून पुढच्या सीटवर पदर खोचून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पायडल तेवढी बसवायची राहिलीत."