दोन डोळे, दोन फोटो

'स्टिरिओ' म्हटले की आपल्याला गाणीच आठवतात. पण हा शब्द कानांच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी डोळ्यांना लागला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घन', भरीव.

वर्गात मी एक प्रयोग करून घेत असे, तुम्हीही करा. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारते की नाही? म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात. हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. पण त्या फरकातूनच मेंदू खोली तयार करतो, हे सिद्ध केले चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८३८ साली. हे लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक. त्यांनी काटकोनात दोन आरसे बसवले, दोन्ही बाजूंना एकाच ठोकळ्याची किंचित वेगळी रेखाचित्रे ठेवली आणि मध्ये डोळे लावले. सपाट रेघांमधून ठोकळा उभा राहिला! चित्रात त्यांनी मुद्दामच छाया दिली नव्हती, म्हणजे उठाव छायेमुळे दिसला असे कोणाला म्हणता येऊ नये. फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायची होती त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे फोटो बघायचे यंत्र आधी आले आणि फोटो नंतर. आहे की नाही गंमत?

मग स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर आले (शोभादर्शक, म्हणजे कॅलिडोस्कोप, यांचाच). त्यांनी १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून हातात मावेल अशी पेटी केली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीला आवडली आणि घरोघरी स्टिरिओस्कोपचे वेड लागले. पुढे हेच ब्रूस्टर, ही कल्पना मुळात व्हीटस्टन यांची नव्हेच म्हणून भांडत बसले. मोठ्या माणसांची भांडणेही मोठी, दुसरे काय! त्या मानाने अमेरिकेतले डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स मला जास्त आवडतात. त्यांनी १८६१ च्या सुमारास लाकडी दांड्याचे स्वस्त साधन बनवले आणि त्याचे पेटंट घेतले नाही.

आता आपल्या जवळचा माणूस. जेम्स रिकाल्टन, अमेरिकेतले न्यू जर्सीचे. हे मुळात शाळामास्तर, म्हणून मला त्यांच्याबद्दल थोडा पक्षपात आहे. विजेच्या दिव्याच्या तारेसाठी चांगला बांबू शोधायला एडिसनने त्यांना पूर्वेकडे पाठवले होते. पुढे शाळा सोडून ते 'अंडरवुड अँड अंडरवुड' कंपनीसाठी जग फिरले. १९०७ साली हिंदुस्थानावरचे त्यांचे पुस्तक निघाले. सोबत शंभर जोडचित्रांचा संच आणि नकाशे. कोणते चित्र कोठे उभे राहून, कोणत्या दिशेला तोंड करून घेतले हे नकाशावर रेघांनी दाखवलेले! भूगोल शिकवायला आम्हाला असे काही मिळाले असते तर...

असो. पण हे वेड दरवेळी ओसरत का गेले? मला कारण साधे वाटते. ही खोली कागदावर नसतेच, ती बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होते. त्यामुळे असे चित्र भिंतीवर टांगता येत नाही, वर्तमानपत्रात छापता येत नाही. एका वेळी एकानेच डोळे लावून बघायचे. सिनेमा आला, सचित्र मासिके आली आणि व्यापाऱ्यांनी हात काढून घेतला. टिकवले ते हौशी लोकांनी. सेटन रॉचवाइट हा असाच एक अमेरिकन हौशी. स्वतःसाठी जोडकॅमेरे बनवता बनवता त्याने रचलेला 'स्टिरिओ रिअलिस्ट' मिलवॉकीच्या एका कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणला. साधी ३५ मिमीची फिल्म, दोन लेन्समध्ये सुमारे सात सेंटिमीटर अंतर. फिल्म वाया जाऊ नये म्हणून एका जोडीच्या दोन चौकटींमध्ये दुसऱ्या जोड्यांच्या दोन चौकटी बसतील असा हिशोब. आयझेनहॉवर हा कॅमेरा वापरत. मूकपटांतला घड्याळाला लटकणारा हॅरॉल्ड लॉईड तर त्याच्या नादीच लागला होता.

एवढा खास कॅमेरा आमच्याकडे कोठून असणार? पण वस्तू हलत नसेल तर एक साधा कॅमेराही पुरतो. एक फोटो डाव्या पायावर भार देऊन घ्यायचा, दुसरा उजव्या. किती सरकायचे? सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. वस्तू दोन मीटरवर असेल तर साधारण साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांइतकेच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाट आहे आणि तिथे ती प्रसिद्ध घंटा. त्या घंटेचे मी असे दोन फोटो घेतले. रोल संपायला तीन आठवडे, धुऊन यायला आणखी चार दिवस. भिंगांतून पाहिले तेव्हा घंटा अलगद पुढे आली आणि पायऱ्या मागे नदीपर्यंत उतरत गेल्या. कृष्णेचे पाणी तेवढे दोन फोटोंत वेगळे, म्हणून ते शहारल्यासारखे दिसते. मला तेच जास्त आवडते.

या सगळ्याची खरी किंमत कळली ती मोतीबिंदूच्या वेळी. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची दीड महिन्याने होती. दोन डोळ्यांची चित्रे जुळेनात. मेणवलीची घंटा पाहिली तर सपाट! जिन्याची शेवटची पायरी पायाला लागेपर्यंत कळत नसे. "अहो, कपात ओता, ताटात नको," असे हिने किती वेळा सांगितले असेल. दुसरा डोळा झाल्यावर आठवड्याभराने पुन्हा ती जोडी काढली. घंटा हळूहळू कागदातून सुटून पुढे आली. मी हिला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "मला तर नेहमीच अशी दिसते."

नातेवाईकांना एक विनंती. गावच्या घरी माळ्यावर जाड पुठ्ठ्याची, शेजारी शेजारी दोन सारखे फोटो असलेली कार्डे सापडली तर 'डबल आहेत' म्हणून फेकू नका. कडेला कंपनीचे नाव छापलेले असते, ते मला कळवा. आणि भिंग नसले तरी कार्ड हातभर लांब धरून, त्याच्याआरपार दूर पाहत असल्यासारखी नजर सैल सोडून बघा. दोनाचे तीन फोटो दिसू लागले की मधल्याकडे लक्ष द्या. डोळे दुखले तर थांबा.