गोधडीच्या पदरांतील इतिहास



यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही गोधडीवर लिहू असे सांगितले. ऐकणारे हसले. इतिहास म्हटला की आपणांस लढाया, वतने आणि सनदा आठवतात. गोधडी ही घडवंचीवर रचून ठेवावयाची वस्तू. शाळेत इतिहास शिकविण्यात सारी उमर गेली, तरी आमचाही समज याहून निराळा नव्हता. तो बदलला उतारवयात, आणि काहीसा उशिरा. किती उशिरा, ते पुढे येईल.

2016 साली पुण्यास जाणे झाले असता आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. कै. दिनकर गंगाधर तथा काकासाहेब केळकर यांनी उभ्या आयुष्यात गोळा केलेल्या हजारो वस्तू तेथे आहेत. अकाली गेलेल्या मुलाचे ‘राजा’ हे नाव त्यांनी संग्रहास दिले आणि पुढे तो सारा शासनास अर्पण केला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी, स्त्रियांच्या प्रसाधनाच्या पेट्या पाहता पाहता दुपार कशी सरली ते कळले नाही. सामान्य घरातील वस्तूंचा असा मान दुसरीकडे क्वचितच राखला गेला असेल. आम्ही सहज गोधडी शोधली. त्या दिवशी तरी ती आमच्या नजरेस पडली नाही. यात दोष कोणाचाच नव्हे. पितळेची समई चार पिढ्या टिकते. गोधडी वापरून संपते. फाटली की वर दुसरे लुगडे, तेही फाटले की पायपुसणे, मग पोतेरे, आणि शेवटी चूल.

म्हणून जगभरच्या संग्रहालयांत ज्या जुन्या गोधड्या-रजया दिसतात, त्या बहुधा थोरामोठ्यांच्या. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालच्या कारागिरांनी पोर्तुगीजांसाठी पिवळसर टसर रेशमाने भरलेल्या रजया केल्या. त्यांतील काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. याला एक सुंदर अपवादही बंगालचाच. गुरुसदय दत्त (1882–1941) हे आय. सी. एस. अधिकारी फिरतीवर असताना खेड्यापाड्यांतील बायकांनी शिवलेल्या कांथा गोळा करीत. कोलकात्याजवळ जोका येथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयासाठी हा संग्रह ठेवला गेला. त्यातील एका कांथेवर ती शिवणाऱ्या मानदासुंदरीने आपले नाव दोऱ्याने घातले आहे. वडिलांसाठी शिवली, असेही ती सांगते. आपल्याकडील गोधडीवर आम्ही आजवर कोणा बाईचे नाव पाहिले नाही.

चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत असल्याने 2018 साली तेथेही जाणे घडले. त्या देशात 1861 ते 1865 या काळात उत्तर व दक्षिण यांत यादवी युद्ध झाले. त्यातील प्रसंग हौशी मंडळी जुना पोशाख करून मैदानात उभे करतात. असाच एक सोहळा दाखवावयास चिरंजीवांनी आम्हांस नेले. पुरुष तोफा डागीत होते. आम्ही मात्र एका तंबूपाशी खिळलो. तेथे पायघोळ झगे घातलेल्या चार बायका लाकडी चौकटीवर रजई ताणून समोरासमोर बसून शिवीत होत्या. आमच्या अंगणातलीच बैठक! त्यांतील एका वृद्ध बाईंनी समजावून सांगितले की, उत्तरेकडील स्त्रियांनी सॅनिटरी कमिशन या संस्थेमार्फत सैनिकांसाठी सुमारे अडीच लाख रजया पाठविल्या असा अंदाज आहे. त्यांतील आज अगदी थोड्या उरल्या आहेत. नेब्रास्का राज्यात लिंकन या गावी तर केवळ रजयांचेच संग्रहालय आहे, हेही त्यांच्याकडूनच कळले.

त्या बाईंस आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले की, तुमच्या त्या युद्धाचे नाव आमच्या गावी फारसे कोणास ठाऊक नसेल, पण त्याची झळ आणि त्याचा पैसा दोन्ही आमच्या पूर्वजांनी पाहिले. त्यांस ते खरे वाटले नसावे. वाचकांनाही नवल वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतो.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. 1861 मध्ये युद्ध पेटून अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि भाव कधी नव्हे इतके चढले. युद्ध संपताच, 1865 साली, ते कोसळले. रेल्वेचे काम याच सुमारास चालू होते. 1867 साली ती नागपुरास पोचली. आपल्या धामणगावाच्या तर नावातच रेल्वे आहे. या रुळांवरून कापसाच्या गाठी मुंबईस जात आणि उलट दिशेने विलायती सूत व कापड येई. त्याने कोष्ट्यांचे माग बसले. 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली, तेव्हा जवळचे गिरणीचे कापडही मिळू लागले. म्हणजे आमचे पूर्वज कापूस विकून कापड घेत, ते अंगावर फाटेपर्यंत वापरीत, आणि मग ते गोधडीत जाई.

गोधडीत रुई नसते, ही गोष्ट लहानपणी आम्हांस कधी विचित्र वाटली नाही. पाऊसपाण्याने साथ दिली तर बंडी भरभरून कापूस जिनात जाई. घरी राही ती सावकाराची चिठ्ठी. पांघरावयास जुनेरेच. उन्हाळ्यात शेतकामे उरकली की आमच्या मातोश्री सारवलेल्या अंगणात एक लुगडे ताणून पसरीत, चार कोपऱ्यांवर दगड ठेवीत, आणि त्यावर जुनी धोतरे, सदरे, परकर यांचे तुकडे असे मांडीत की कोठे जाड, कोठे पातळ होऊ नये. वरून दुसरे लुगडे. मग शेजारच्या काकू व आत्याबाई येत आणि कडेपासून आत आत दोरे घातले जात. दोरा विकतचा नसे. लुगड्याचे काठ उसवून काढलेला असे. साऱ्या गावाच्या सोयरिकी आणि भांडणे त्या दोन दुपारींत उलगडत. खेड्यात याच वस्तूस वाकळ, आमच्या बोलीत वाकय, म्हणत. घटस्थापनेपूर्वी साऱ्या वाकळी धुवावयाच्या; भिजलेली वाकळ उचलण्यास दोन माणसे लागत.

गोधडी पांघरणे हे दारिद्र्याचे लक्षण मानून आपण ती लपविली. पण याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले संत गाडगेबाबा (1876–1956) अंगावर तसेच ठिगळांचे वस्त्र वागवीत आणि लोक त्यांस गोधडे महाराजही म्हणत. त्यांच्या चिंध्यांपुढे श्रीमंतांनी माना लवविल्या. घरातल्या गोधडीची मात्र आपणांस लाज वाटली.

आता आमचा अपराध सांगतो. 2011 साली मातोश्री निवर्तल्या. रीतीप्रमाणे त्यांचे अंथरूण-पांघरूण घराबाहेर काढले. गोधडी घ्यावयास कोणी तयार होईना, तेव्हा ती जाळून टाका असे आम्हीच सांगितले. इतिहासाच्या शिक्षकाने!

अमेरिकेहून परतल्यावर ही हकीकत भगिनीस सांगितली. ती काही न बोलता उठली आणि पेटीतून एक दुपटे घेऊन आली. तिच्या पहिल्या बाळंतपणात मातोश्रींनी त्याच गोधडीचा एक कोपरा कापून ते शिवले होते. आम्ही दोघांनी त्याची एक धार उसवून पदर मोजले. सात निघाले. सर्वांत वर टेरिकॉट, भगिनीच्या शाळेतल्या झग्याचे; त्यात कापूस पिकविणाऱ्या घराचा कापूस किती असेल कोण जाणे. त्याखाली मातोश्रींचे निळे लुगडे, मग वडिलांच्या धोतराचे दोन तुकडे, मग ओळखू न येणारे दोन. अगदी आत एक जाडेभरडे, विरलेले कापड. भगिनीस आठवले: आई सांगे, ते आजीचे कंट्रोलच्या काळातले लुगडे. महायुद्धात, 1943 पासून, सरकारने कापडावर नियंत्रण आणले, त्या काळचे. वर्गात तो कालखंड आम्ही दोन ओळींत उरकीत असू.

मंडळास आमची एकच विनंती आहे. पुढील वार्षिक मेळाव्यास ज्यांच्या घरी आई-आजीच्या हातची गोधडी असेल, त्यांनी ती आणावी. शिवणारीचे नाव, गाव आणि कोणता पदर कोणाच्या वस्त्राचा, हे वहीत लिहून घेण्याचे काम आम्ही करू. ज्यांनी टाकून दिली, त्यांनी नुसते नाव आणले तरी चालेल.

उसविलेली धार भगिनीने त्याच संध्याकाळी पुन्हा शिवली. दोऱ्यासाठी काठाचे लुगडे घरात नव्हते. बाजारातून रीळ आणले.