किमची, कोबीचं बी आणि एक विहीर



आज फवारणी नाही, खताचा डोस नाही. आज थोडा इतिहास सांगतो. पण शेवटी गोष्ट बियाण्यावरच येते, म्हणून वाचा.

मागच्या वर्षी १० गुंठे चायनीज कोबी लावला होता. डिसेंबरात रोपं टाकली, जानेवारीत लावण केली. दुकानदार म्हणाला, "कुठल्याही हंगामात चालतंय, घ्या बिनधास्त." रोपांना कोवळ्या वयात थंडी लागली आणि पुढं ऊन वाढलं तसे गड्डा भरायच्या आधीच निम्म्या झाडांतून फुलाचे दांडे वर आले. कांद्याला डेंगळे येतात ना, तसंच. व्यापाऱ्यानं बांधावरून बघितलं आणि गाडी वळवली. माल जनावरांपुढं गेला.

तेव्हा डोक्यात आलं, आपण पिकवलं ते खातं कोण, कसं खातं, हे आपल्याला माहीतच नाही. पोरगा रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणाला, "दादा, कोरियन लोक याची किमची करतात. त्यांना जेवताना ती रोज लागते." मग परवा पुण्याला माल टाकून येताना एका दुकानातून बाटली आणली. पाव किलोला २७० रुपये! आमच्या सौ.नी झाकण उघडलं, तर फस्सकन आवाज आला. म्हणाल्या, "अहो, पैसे देऊन नासकं कशाला आणलंत?"

नासकं नाही ते, आंबलेलं आहे. दोन्हींत फरक आहे. कोबी मिठात मुरवतात, धुऊन निथळतात, मग मिरची, लसूण, आलं, मुळा चोळून दाबून भरतात. मिठानं नासवणारे जंतू मागं पडतात आणि आंबवणारे पुढं जातात. सुरुवातीला काम करणारा एक जंतू ल्यूकोनोस्टॉक जातीचा असतो. आपल्या इडलीच्या पिठातही तोच सापडतो. म्हणजे सौ.नी नाव ठेवलं त्या जंतूला त्या स्वतः घरी पाळतात!

आता इतिहास. कोरियात हिवाळा कडक. चार-चार महिने शेतात हिरवं पान नाही. म्हणून भाजी मिठात घालून ठेवायची रीत पडली. किमची हा शब्दही 'मिठात बुडवलेली भाजी' अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला, असं सांगतात. यी ग्यू-बो नावाचा कवी १२ व्या-१३ व्या शतकात होऊन गेला. त्याच्या कवितेत मुळा हिवाळ्यासाठी मिठात घालण्याचा उल्लेख आहे. मुळा बरं का, कोबी नाही. आणि मिरची तर नाहीच.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडं ती पोर्तुगीजांनी आणली आणि कोरियापर्यंतही ती १६ व्या शतकाच्या शेवटी जपानमार्गे पोचली असं मानतात. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात तिला 'जपानी मोहरी' म्हटलंय. किमचीत मिरची घातल्याची नोंद १७६६ च्या शेतीवरच्या पुस्तकात मिळते. घट्ट गड्ड्याचा कोबी तर त्याहून उशिरा, १९ व्या शतकाच्या अखेरीला चीनकडून येऊन रुजला. म्हणजे ही लालभडक कोबीची किमची, जिला लोक हजारो वर्षांची म्हणतात, ती या रूपात शे-सव्वाशे वर्षांचीच आहे. आपल्या मिरचीच्या ठेच्याचंही तसंच आहे.

थंडीच्या तोंडाला सगळी आळी जमून वर्षाची किमची घालते. आपल्याकडं उन्हाळ्यात बाया जमून पापड-कुरडया करतात, तसं. त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोनं त्याची वारसा म्हणून नोंद केली. भरलेले रांजण जमिनीत पुरायचे, म्हणजे वर बर्फ पडला तरी आत गोठत नाही. पुढं फ्लॅट आले, अंगण गेलं, तेव्हा गोल्डस्टार कंपनीनं १९८४ ला किमचीसाठी वेगळा फ्रीज काढला. ती गोल्डस्टार म्हणजेच आजची एलजी. रांजणाच्या जागी फ्रीज आला आणि ती कंपनी आपल्या रांजणगावात येऊन बसली. गंमत आहे.

आता मूळ मुद्दा, बियाण्याचा. १९४५ पर्यंत कोरियावर जपानचं राज्य होतं. कोबी-मुळ्याचं चांगलं बी जपानहून यायचं. स्वातंत्र्य मिळालं आणि बी तुटलं. किमची खाणारा देश, पण कोबीचं भरवशाचं बी नाही! तेव्हा कोरियन लोकांना एका माणसाची आठवण झाली. त्याचं नाव वू जांग-चून.

हा जन्मला टोकियोत, १८९८ ला. बाप कोरियन, आई जपानी. पाच वर्षांचा असताना बापाचा खून झाला. आईनं गरिबीत वाढवलं. शेतीचं शिक्षण घेऊन तो संशोधनाला लागला. १९३५ साली त्यानं जे दाखवलं ते आजही कृषी महाविद्यालयात शिकवतात, 'यू चा त्रिकोण'. सोपं करून सांगतो. चायनीज कोबीच्या जातीत गुणसूत्रांच्या १० जोड्या, काळ्या मोहरीत ८. या दोन जातींचा निसर्गात संकर होऊन १८ जोड्यांची तिसरी जात झाली. ती म्हणजे आपली रायाची मोहरी. म्हणजे चायनीज कोबी परका नाही, आपल्या फोडणीतल्या मोहरीच्या घरातलाच आहे.

मार्च १९५० ला हा माणूस बायको-मुलांना जपानात ठेवून कोरियात आला. तीन महिन्यांत युद्ध पेटलं. तरी बुसानजवळ डोंगनेच्या केंद्रात त्यानं कोबी-मुळ्याचं बी, बटाट्याचं रोगमुक्त बेणं यावर काम धरलं. शेतकऱ्यांचा नव्या बियाण्यावर विश्वास बसावा म्हणून बिनबियांचं कलिंगड करून दाखवायचा. लोक समजले ते त्यानंच शोधलं. खरं तर तो शोध जपानच्या किहारा यांचा. पण प्रात्यक्षिकाशिवाय शेतकरी ऐकत नाही, हे त्याला कळलं होतं.

१९५३ ला जपानात आई वारली. सरकारनं त्याला जायला परवानगी दिली नाही. लोकांनी सांत्वनाला पैसे दिले. त्यानं ते स्वतःला ठेवले नाहीत. केंद्राच्या आवारात विहीर खोदली, कारण तिथं पाण्याची टंचाई होती. विहिरीला आईच्या दुधावरून नाव दिलं. १९५९ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. सरकारनं मानाचं पदक दिलं, ते मरणाच्या तीन दिवस आधी.

हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि बराच वेळ बांधावर बसून राहिलो. विहिरीचं पाणी म्हणजे काय, ते आपल्या शिरूर भागात कुणाला सांगायला नको.

पुढची गोष्ट कडू आहे. १९९७ च्या आर्थिक संकटात कोरियातल्या मोठ्या बियाणे कंपन्या परदेशी कंपन्यांनी विकत घेतल्या. कमावलेलं बी एका फटक्यात दुसऱ्याच्या हातात. आणि २०१० ला पावसानं कोबी गेला, तेव्हा एका गड्ड्याचा भाव १० हजार वॉनच्या वर चढला. लगेच चीनहून आयात. आपल्याकडं कांद्याचं होतं तेच. गिऱ्हाईक रडलं की धावपळ, शेतकरी रडला की सामसूम.

आता बाटलीचं काय केलं ते. पहिले चार दिवस भाकरीबरोबर तशीच खाल्ली. आई माळकरी, म्हणून आधी लेबल वाचून घेतलं. बऱ्याच किमचीत माशाचा किंवा कोळंबीचा रस असतो. तुम्हीही बघून घ्या, बिनमाशाचीही मिळते. पंधरा दिवसांनी जास्त आंबली, तेव्हा सौ.नी मोहरीची फोडणी करून त्यात चिरून परतली, शिळा भात टाकला, बाटलीतलं पाणी वरून. मीठ घालायचं नाही, आधीच असतं. उरलेली तांदळाच्या पिठात कालवून धिरडी केली. कोरियातही जुनी आंबट किमची अशीच भात-धिरड्याला आणि रश्श्याला वापरतात. ताजी कच्ची खायची, जुनी शिजवायची. पोरानं चार धिरडी खाल्ली. आई म्हणाली, "लोणचंच की हे."

यंदा पुन्हा ५ गुंठे लावणार आहे. पण पाकिटावरचा हंगाम वाचून, लवकर फुलावर न येणारं वाण घेऊन, आणि आधी गिऱ्हाईक ठरवून. कांद्याचं बी मात्र वडील करायचे तसं घरीच धरायला घेतलंय. चांगले गोट निवडून कोपऱ्यात लावलेत. डेंगळे आले की फोटो टाकीन. तुमच्याकडं घरचं बी अजून कुणी धरतं का, ते सांगा.