मोठ्या बोअरच्या काडतुसाची निवड : कोलकात्याच्या बंदूकबाजाराचा धडा

मोठ्या बोअरची रायफल नव्याने घडवून घ्यायची म्हटले की चर्चा गोळीच्या ऊर्जेपासून सुरू होते. माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. ऊर्जेचा आकडा सगळ्यात सहज मिळतो, पण निर्णयात त्याचा वाटा सगळ्यात कमी असतो. काडतुसाचा पितळी कोश कोठून येणार, त्या प्रदेशातले ऊन दारूवर काय परिणाम करते आणि तिथला कायदा कोणता व्यास चालवून घेतो, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी लागतात. हे जितके स्पष्ट कोलकात्याच्या इतिहासात दिसते तितके लंडन-बर्मिंगहॅमच्या इतिहासातही दिसत नाही. कारण तिथल्या कारागिरांनी केलेले अनेक बदल मुळात इथल्या हुकमांमुळे झाले.

आधी वाइल्डकॅट म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही कारखान्याने प्रमाणित न केलेले, पण प्रचलित कोशाचे तोंड आवळून किंवा फुगवून, लांबी कमी करून किंवा खांदा हलवून बनवलेले काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. कोशाचा बुडखा तोच राहतो, बदलते ते तोंड आणि त्यात बसणारी गोळी. पुष्कळदा शेवटचा आकार चेंबरमध्येच काडतूस झाडून दिला जातो : दाबाने पितळ फुगते आणि चेंबरच्या भिंतींना जाऊन भिडते. यामागे नवा शोध फारसा नसतो. जे कोश हाताशी आहेत त्यांतून जे काडतूस हाताशी नाही ते काढण्याची ती रीत आहे.

आता 1907 कडे वळू. जॉन रिग्बी यांनी 1898 मध्ये .450 नायट्रो एक्स्प्रेस आणले. 480 ग्रेनची, म्हणजे सुमारे 31 ग्रॅमची गोळी, सेकंदाला 655 मीटर वेगाची. काळ्या दारूच्या अजस्र बंदुकांची सद्दी या काडतुसाने संपवली, आणि हत्ती-गव्याच्या शिकारीसाठी ते जवळजवळ प्रमाण ठरले. पण हिंदुस्थान सरकारला वेगळीच चिंता होती. लष्कराची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .577/450 काडतुसाची होती आणि अशा रायफली वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती पडल्या होत्या. शिकारी काडतुसांच्या गोळ्या काढून त्या मार्टिनीच्या कोशात बसवल्या जातील, ही भीती. म्हणून 1907 मध्ये हिंदुस्थानात आणि सुदानात .450 बोअरवर बंदी आली.

लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांचा हिंदुस्थान हा मोठा ग्राहक होता, त्यामुळे ते स्वस्थ बसले नाहीत. हॉलंड अँड हॉलंडने 1907 मध्ये .500/465 काढले, जोसेफ लँग यांच्या .470 ला मागणी आली, जेफरीचे .475 नंबर 2 आणि वेस्टली रिचर्ड्सचे .476 हेही याच वाटेने पुढे सरकले. यातले .465 आणि .470 कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. दोन्हींच्या मुळाशी सव्वातीन इंच लांबीचा .500 नायट्रो एक्स्प्रेसचा कोश आहे. त्याचे तोंड आवळले की काम झाले. आज ज्याला वाइल्डकॅट म्हणतात तीच ही कृती. फरक इतकाच की त्या काडतुसांना पुढे कारखान्याचे नाव आणि प्रमाण मिळाले.

बंदीने शिकारीत काय बदलले? हिशेब करून पाहावा. .450 ची ऊर्जा सुमारे 6,670 ज्यूल. .465 ची गोळीही 480 ग्रेनची आणि वेगही तोच, म्हणून ऊर्जा तितकीच. .470 ची गोळी 500 ग्रेनची, ऊर्जा सुमारे 6,950 ज्यूल. छेदघनत्व, म्हणजे गोळीचे वजन आणि तिच्या व्यासाचा वर्ग यांचे गुणोत्तर, .450 चे सुमारे .327, .465 चे .313 आणि .470 चे .318. जाड कातडी आणि हाड भेदत गोळी किती खोल जाईल हे पुष्कळसे या आकड्यावर ठरते, आणि येथे तफावत चार टक्क्यांच्या आसपास आहे. जनावराला हा फरक कळणारही नाही. तेव्हा .470 ची थोरवी सांगताना त्याच्या बोअरला श्रेय देणे चूक आहे. ते टिकले ते कायद्याच्या चाळणीतून गेले म्हणून आणि नंतर त्याचे कोश-गोळ्या मिळत राहिल्या म्हणून.

कायद्याच्या नजरेत नळीचा व्यास मोजला जाई, काडतुसाचे नाव नव्हे. म्हणून .450/400 हे नावात .450 बाळगूनही सुटले, त्याची गोळी .400 च्या घरातली. जिम कॉर्बेट यांनी मोठ्या कामासाठी वापरलेली जेफरीची दुनळी रायफल याच बोअरची होती. डोंगराळ जंगलात दिवसदिवस पायी हिंडणाऱ्या माणसाला .470 च्या वजनापेक्षा ही हलकी रायफल परवडत असे, आणि वाघासाठी ती पुरेशी होती.

कोलकात्याच्या बंदूकबाजारात मॅन्टन, रॉड्डा, लायन अँड लायन ही मोठी नावे. या दुकानांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक रायफली इंग्लंडमध्ये बनत आणि त्यांच्या नळीवर कोलकात्याच्या दुकानाचे नाव कोरले जाई. कूचबिहारचे महाराजा नृपेंद्र नारायण यांनी 1908 मध्ये आपल्या सदतीस वर्षांच्या शिकारीचे पुस्तक प्रसिद्ध केले. दुआर आणि आसामच्या उंच गवतात गेंडा, रानरेडा, वाघ अशी जनावरे एकाच मोहिमेत समोर येत. एकाच प्रदेशात इतक्या भिन्न कातड्यांची जनावरे असल्याने बंगालच्या ग्राहकाला काडतूसही अनेक कामांचे हवे असे. (त्या पुस्तकातील गेंड्यांची संख्या वाचताना मला शिकारीचे कौतुक वाटत नाही, एवढे नोंदवतो.)

सरकारची भीती निराधार नव्हती, पण नेम चुकला होता. 26 ऑगस्ट 1914 रोजी रॉड्डा कंपनीच्या मालातून 50 मॉझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे क्रांतिकारकांच्या हाती गेली. कंपनीच्याच नोकरीतले श्रीशचंद्र मित्र बैलगाड्यांतून माल सोडवून आणत होते, आणि एक गाडी गोदामाला पोहोचलीच नाही. पुढच्या वर्षी बालासोरला बाघा जतीन यांच्या अखेरच्या झुंजीत हीच मॉझर पिस्तुले होती. ती 7.63 मिलिमीटरची; .450 शी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. बोअरवर बंदी घालून शस्त्राचा धोका टळत नाही, काडतुसांची रचना मात्र बदलते.

निवडीतला दुसरा घटक हवामान, आणि येथे थोडे थांबावे लागेल. त्या काळची दारू कॉर्डाइट. तिच्यात नायट्रोग्लिसरीन असते आणि काडतूस उन्हात तापले की तिचा दाब वाढतो. चैत्र-वैशाखात उघड्या मैदानात बाळगलेले काडतूस आणि लंडनच्या थंडीत तपासलेले काडतूस एकच राहत नाही. दाब वाढला की कोश चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो, आणि दुनळी रायफलीत तो ओढून काढायला लागणारी पकड बोल्टच्या रायफलीपेक्षा कमी असते. जखमी गवा समोर असताना कोश अडकणे म्हणजे रायफल निकामी होणे. म्हणून नायट्रो एक्स्प्रेसचे कोश लांब, उतरते आणि कमी दाबाचे ठेवले गेले, आणि उष्ण प्रदेशासाठी कमी दारूची वेगळी काडतुसे निघाली. दुनळीला आणखी एक बंधन : तिच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक भरण्यासाठी जुळवलेल्या असतात, वेग बदलला की दोन नळ्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या ठिकाणी पडू लागतात. आजची दारू उष्णतेला पुष्कळ कमी बिचकते, तरी आखूड कोशात दारू ठासून दाब वाढवण्याचा मोह उष्ण प्रदेशासाठी आजही वाईटच.

बोल्टच्या रायफलीचा विचार यापेक्षा निराळा. तिला 1911 चे .416 रिग्बी किंवा 1912 चे .375 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम पुरते. .416 ची 410 ग्रेनची गोळी .470 इतकीच ऊर्जा देते आणि तिचे छेदघनत्व त्याहून जास्त, सुमारे .338. कोश प्रशस्त असल्याने दाब मवाळ. अडचण यंत्रणेची : त्याला मोठी, महाग मॅग्नम मॉझर लागते. .375 ची ऊर्जा सुमारे 5,640 ज्यूल, पण गोळीचा संवेग .470 च्या जवळजवळ सत्तर टक्के. म्हणून धक्का सोसवतो आणि नेम बसतो. गोळी योग्य जागी लागणे हे व्यासापेक्षा मोठे असल्याने या काडतुसाला मी झुकते माप देतो.

वाइल्डकॅट कोठे खरोखर कामाचे ठरते याचे उत्तम उदाहरण .458 लॉट. 1956 च्या .458 विंचेस्टरचा कोश अडीच इंचांचा, त्यात दारू दाबून भरावी लागे आणि वेग कागदावरच्या आकड्याला पोहोचत नसे. जॅक लॉट यांना 1959 मध्ये मोझांबिकमध्ये रेड्याने गंभीर जखमी केले. त्यांनी .375 चा कोश 2.8 इंचांपर्यंत ठेवून तोंड सरळ करून घेतले आणि 1971 मध्ये 500 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 700 मीटर वेगाने नेणारे काडतूस पुढे आणले. त्याचा एक गुण नजरेतून सुटू नये : लॉटच्या चेंबरमध्ये .458 विंचेस्टरचे काडतूसही झाडता येते. आपले काडतूस संपले तरी रायफल बंद पडत नाही. ज्या वाइल्डकॅटला असा परतीचा मार्ग नाही त्यापासून दूरच राहावे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये लष्करी बोअरवर निर्बंध आले तेव्हा .303 च्या कोशातून .303/25 निघाले, तिथेही कोश आधी, गोळी नंतर.

गोळीच्या बांधणीबद्दल थोडक्यात. मऊ टोकाची गोळी वाघासाठी, पूर्ण कवचाची गव्या-हत्तीसाठी. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात 1896-97 च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .303 गोळीच्या टोकाचे कवच उघडे केले. 1899 च्या हेगच्या घोषणेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध केल्या, शिकारीत त्या राहिल्या.

आज कोलकात्यात हा प्रश्न कोणापुढे आहे? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपवली, आणि ते योग्यच झाले. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, म्हणजे कोश आवळण्या-फुगवण्याचा हौशी उद्योग येथे बेकायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. उरतो तो नेमबाज, संग्राहक आणि आजोबांची रायफल वारशाने मिळालेला माणूस. त्याच्या .465 चे काडतूस येथे कोणी बनवत नाही. त्याउलट इशापूरच्या कारखान्याची .315 स्पोर्टिंग रायफल देशभर चालू आहे. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे 8×50 मॅनलिकर; .303 नागरिकांना मना असल्याने ते निवडले गेले आणि आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आजवर बनत आले. मोठ्या बोअरपुढे ते किरकोळ आहे, वेगही बेताचा आहे. तरी जुन्या .465 वर पैसे घालून तिची नळी, घोडा, दस्ता दुरुस्त करणाऱ्याला मी आधी हेच विचारतो, की कोश कोठून आणणार. त्याला उत्तर नसेल तर रायफल आहे तशी जपावी, नवे चेंबर कापू नये. मूळ बोअर एकदा कापला की तिची ऐतिहासिक किंमतही जाते आणि कायद्याच्या नोंदीतले वर्णनही जुळत नाही.